अर्ध्या ग्रॅमची गोळी आणि एकोणीस इलेक्ट्रॉन

नागपूरच्या नेहरू मार्गावरच्या ‘नीरी’ने, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, पिण्याच्या पाण्यासाठी क्लोरीनची एक गोळी तयार केली होती. वजन अर्धा ग्रॅम. वीस लिटर पाण्याला एक गोळी पुरे. भारतातल्या डॉक्टरांच्या कित्येक पिढ्या ज्या पाठ्यपुस्तकावर सामाजिक आरोग्याचा विषय शिकल्या, त्यात या गोळीची नोंद आहे आणि आधीच्या हॅलोजन गोळ्यांपेक्षा ती पंधरा पट सरस असल्याचंही म्हटलं आहे. मोठा हंडाभर पाणी, त्यात कॉलऱ्याचे, विषमज्वराचे, हगवणीचे असंख्य जंतू, आणि त्यांच्यासमोर ही एवढीशी गोळी. थोडा वेळ थांबायचं, की जंतू संपतात. आणि ते पाणी पिणाऱ्या माणसाला काहीही होत नाही.

मला या दोन गोष्टींतली दुसरी अधिक थक्क करते. जे रसायन जंतूचं कवच फोडून आतली यंत्रणा मोडून टाकतं, ते आपल्याला का सोडतं? जंतू आणि आपण शेवटी एकाच प्रकारच्या प्रथिनांचे आणि चरबीचे बनलेलो आहोत. मग हंड्यातलं मरतं आणि पोटातलं वाचतं, हे कसं?

हा प्रश्न आज नीट समजून घ्यायला हवा, कारण क्लोरीनचंच एक भावंड औषध म्हणून विकलं जात आहे. त्याचं नाव क्लोरीन डायऑक्साइड. मलेरिया, कर्करोग, मधुमेह, कोविड, मुलांमधली स्वमग्नता, सगळ्यांवर एकच उपाय, असं विकणारे सांगतात. त्यांचा युक्तिवाद ऐकायला सरळ वाटतो: जगभरच्या शहरांत पाणी ज्याने शुद्ध होतं, त्याने शरीर का शुद्ध होणार नाही? उत्तर शोधायला नागपूरसारखी दुसरी जागा नाही, कारण पाण्यात किती घालायचं आणि किती उरू द्यायचं, हा हिशेब या शहरात आयुष्यं खर्चून मांडला गेला आहे.

मडक्यात मडकं

नीरी सुरू झाली १९५८ साली, तेव्हा तिचं नाव केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था होतं. आजचं नाव १९७४ मध्ये मिळालं. संस्था निघाली तो काळ लक्षात घ्या. दोनच वर्षांपूर्वी, १९५५-५६ च्या हिवाळ्यात, दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं होतं आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली होती. पाण्यात क्लोरीन टाकलेलं होतं. त्याने विषमज्वराचे जंतू आवरले, पण काविळीचा विषाणू निसटला. कमी पडलं तर काय होतं, याचा याहून मोठा धडा देशाला मिळाला नव्हता.

शहरात निदान जलशुद्धीकरण केंद्र असतं. खेड्यातल्या विहिरीचं काय? तिथे पाणी सतत उपसलं जातं आणि सतत नवं झिरपतं. आज टाकलेलं क्लोरीन उद्या उरत नाही. एकदम जास्त टाकलं, तर पाणी तोंडात धरवत नाही आणि लोक ओढ्याकडे वळतात. यावर नीरीने काढलेली युक्ती कुंभाराच्या अंगणात बनावी इतकी साधी होती. बाहेरचं मडकं ३० सेंटिमीटर उंच आणि २५ सेंटिमीटर व्यासाचं. त्यात दुसरं, लहान मडकं. आतल्या मडक्याला काठाजवळ एक सेंटिमीटरचं भोक. बाहेरच्याला तेवढंच भोक, पण तळापासून चार सेंटिमीटरवर. आतल्या मडक्यात एक किलो ब्लीचिंग पावडर आणि दोन किलो जाड वाळू ओलसर कालवून भरायची, भोकाच्या तीन सेंटिमीटर खालपर्यंत. बाहेरच्या मडक्याचं तोंड प्लास्टिकने बांधायचं आणि दोरीने ते विहिरीत सोडायचं, पाण्याच्या पातळीखाली निदान एक मीटर, म्हणजे बादलीचा धक्का लागत नाही.

आता त्या दोन भोकांकडे पाहा. क्लोरीन आधी वरच्या भोकातून आतल्या मडक्याबाहेर येतं, मग दोन मडक्यांमधल्या जागेतून खाली उतरतं आणि तळाजवळच्या भोकातून विहिरीत जातं. वाट जितकी लांब, तितका वेग कमी. साडेचार हजार लिटर पाण्याची, दिवसाला चारशे लिटरच्या आसपास उपसा असलेली घरगुती विहीर या एका जोडीवर दोन ते तीन आठवडे सुरक्षित राहते. वीज नाही, पंप नाही, माणूस बसवायचा नाही. किलोभर पावडर विहिरीत असूनही कोणत्याही क्षणी पाण्यात उतरलेलं क्लोरीन चिमूटभरच असतं.

गावोगावच्या जलसुरक्षकाला हाच हिशेब तोंडपाठ असतो. ब्लीचिंग पावडरला गावात टीसीएल म्हणतात. विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजायचा, त्याचा वर्ग करायचा, पाण्याच्या खोलीने आणि ०.७८५ ने गुणायचं, की घनमीटर मिळतात. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल, तर सुमारे २८ हजार लिटर. हजार लिटरला चांगल्या प्रतीची अडीच ग्रॅम पावडर धरली, तर अख्ख्या विहिरीला लागते सत्तर ग्रॅम. मूठभर. पाणी गढूळ असेल तर जास्त लागते, म्हणून तासाभराने ओटी टेस्ट करायची. नळीत पाणी घेऊन ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले, की पाणी पिवळं होतं आणि रंगाच्या छटेवरून क्लोरीन किती उरलं ते कळतं. तासाभरानंतर लिटरला अर्धा मिलिग्रॅम उरावं. गावातल्या शेवटच्या नळाला ०.२ मिलिग्रॅम असलं तरी चालतं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर या पिवळ्या रंगात आहे. क्लोरीन आपल्याला सोडतं असं नाही. आपल्यापर्यंत पोचायच्या आधी ते खर्च झालेलं असतं. पाण्यातल्या गाळावर, जंतूंवर, सडक्या पानांच्या अंशावर ते संपून जातं, आणि पेल्यात येतो तो राखणीपुरता अंश. पाणी शुद्ध करण्याचं सगळं शास्त्र म्हणजे एका जहाल पदार्थाला त्याचं काम आपल्या शरीराबाहेर संपवायला लावण्याचं शास्त्र आहे.

विषम आकड्याचा रेणू

आता ते भावंड. इंग्लंडच्या हम्फ्री डेव्हीने एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पोटॅशियम क्लोरेटवर गंधकाम्ल ओतलं आणि पिवळट हिरवा वायू बाहेर पडला. क्लोरीनचा एक अणू, ऑक्सिजनचे दोन. हा वायू ११ अंश सेल्सियसला उकळतो, म्हणजे नागपूरच्या ऐन थंडीतल्या दुपारीही तो द्रवरूपात टिकणार नाही. हवेत त्याचं प्रमाण दहा टक्क्यांच्या वर गेलं, तर स्फोट होऊ शकतो. म्हणून तो सिलिंडरमध्ये भरून ट्रकमधून नेत नाहीत. जिथे वापरायचा तिथेच तयार करतात.

त्याच्या स्वभावाचं मूळ एका बेरजेत आहे. क्लोरीनच्या बाहेरच्या कक्षेत सात इलेक्ट्रॉन, दोन ऑक्सिजनचे सहा-सहा. एकूण एकोणीस. इलेक्ट्रॉनांना जोडीने राहायला आवडतं, आणि एकोणिसांच्या जोड्या लागत नाहीत. एक एकटा उरतो. असे विषम आकड्याचे रेणू सहसा क्षणभरही टिकत नाहीत, एकमेकांना धरून जोडी पुरी करतात. क्लोरीन डायऑक्साइड मात्र तो एकटा इलेक्ट्रॉन सगळ्या रेणूभर पसरवून तग धरतो. पाण्यात विरघळतो तेव्हाही तो पाण्याशी संयोग न करता वायूच्याच रूपात राहतो. पण समोर इलेक्ट्रॉन देऊ शकणारं काही आलं, की तो उचलतो आणि विसावा इलेक्ट्रॉन मिळवून क्लोराइट होतो. ज्याचा इलेक्ट्रॉन गेला, त्याची घडण बिघडते.

या एका सवयीवर मोठे उद्योग उभे आहेत. जगभरच्या कागद गिरण्यांत लगदा त्यानेच पांढरा होतो. १९४४ मध्ये अमेरिकेतल्या नायगारा फॉल्स शहराने पाण्याचा फिनॉलसारखा वास घालवायला तो वापरला, १९५६ मध्ये ब्रुसेल्सने क्लोरीन सोडून त्याला जवळ केलं. २००१ मध्ये वॉशिंग्टनमध्ये पत्रांतून अँथ्रॅक्सचे बीजाणू पसरले, तेव्हा सिनेटच्या हार्ट इमारतीचा भाग बंद करून त्यात हाच वायू सोडला होता. इमारत आधी रिकामी केली होती, हे मुद्दाम सांगतो.

पिण्याच्या पाण्यासाठी मर्यादा ठरलेल्या आहेत. अमेरिकेत क्लोरीन डायऑक्साइड लिटरला ०.८ मिलिग्रॅम, क्लोराइट एक मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची क्लोराइटची मर्यादा ०.७ मिलिग्रॅम. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत निरोगी पुरुष स्वयंसेवकांना लिटरला पाच मिलिग्रॅम असलेलं अर्धा लिटर पाणी रोज, बारा आठवडे देऊन पाहिलं आणि त्यांना लक्षणीय अपाय झाला नाही. हा प्रयोग विकणाऱ्यांच्या बाजूने वापरता येतो, म्हणून तो सांगायलाच हवा. त्यात दिवसाला गेले अडीच मिलिग्रॅम. आणि त्यातून पाणी पिण्याजोगं आहे एवढंच कळलं. कोणाचा आजार बरा होतो का, हे त्या प्रयोगाने विचारलंच नव्हतं.

थेंबाचा हिशेब

या रसायनाला औषध म्हणून जगभर नेणारा माणूस जिम हंबल. त्याचं म्हणणं असं, की १९९६ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या गयानाच्या जंगलात सोनं शोधताना सोबत्यांना मलेरिया झाला, त्याने पाणी शुद्ध करायचं द्रावण त्यांना पाजलं आणि ते उठून बसले. मलेरियाचा ताप चढतो, उतरतो आणि पुन्हा चढतो, हे गडचिरोलीतल्या कुणालाही माहीत आहे. ताप उतरला म्हणजे परजीवी गेला असं होत नाही. त्यासाठी रक्ताची तपासणी लागते. हंबलने मात्र यावर पुस्तक लिहिलं, द्रावणाला ‘चमत्कारी खनिज द्रावण’ असं नाव दिलं, आणि २०१० मध्ये एक ‘चर्च’ही उभं राहिलं.

बाटलीत सोडियम क्लोराइट असतं, शंभरात बावीस भागांच्या आसपास. त्यात लिंबाच्या आम्लासारखं काही मिसळलं, की क्लोरीन डायऑक्साइड तयार होतो. जलसुरक्षकाचा हिशेब इथे करून बघू. एका थेंबात सुमारे अकरा मिलिग्रॅम सोडियम क्लोराइट, त्यातला क्लोराइट आठ मिलिग्रॅमच्या आसपास. तो दोनशे मिलिलिटरच्या पेल्यात पडला, तर लिटरला चाळीस मिलिग्रॅम होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या पन्नास पटींहून जास्त. एका थेंबात. आणि विकणारे एका थेंबावर थांबत नाहीत.

आता पाण्यात जे काम बाहेर संपत होतं, ते आत सुरू होतं. अन्ननलिकेच्या आणि आतड्याच्या अस्तराला ते भाजतं. उलट्या होतात, जुलाब होतात, अंगातलं पाणी कमी होऊन रक्तदाब उतरतो. विकणारे सांगतात, ही औषध लागू पडल्याची खूण आहे, विष बाहेर पडतंय. स्वमग्न मुलांना हे पाजणाऱ्यांनी शौचातून पडणाऱ्या दोरीसारख्या लांबट गोळ्यांचे फोटो जंत म्हणून दाखवले. त्या गोळ्या म्हणजे आतड्याचा चिकट स्राव आणि सोललं गेलेलं अस्तर. बोलूही न शकणाऱ्या लेकराच्या बाबतीत यापेक्षा मोठा अन्याय मला सुचत नाही.

लाल पेशीतलं राखीव धन

क्लोराइट रक्तात गेल्यावर काय होतं, हे कळायला एक लाल पेशी जवळून पाहावी लागेल. तिने स्वतःचं केंद्रक टाकून दिलेलं असतं, जागा व्हावी म्हणून. त्या जागेत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू. प्रत्येक रेणूत लोहाचे चार अणू, आणि प्रत्येक अणू ऑक्सिजनचा एक रेणू उचलायला तयार. अट एकच: लोहाने आपला ठरावीक इलेक्ट्रॉन गमावता कामा नये. तो गेला, की ते मेथेमोग्लोबिन होतं आणि ऑक्सिजन धरत नाही. रोज थोडंसं हिमोग्लोबिन आपोआप असं बिघडतं आणि पेशीतली विकरं ते दुरुस्त करतात. म्हणून निरोगी रक्तात त्याचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास राहतं. केंद्रक नसलेली, नवं काही घडवू न शकणारी ही पेशी एकशे वीस दिवस हे काम करत राहते.

क्लोराइट इलेक्ट्रॉन ओढून घेतं. मेथेमोग्लोबिन वाढतं, रक्त चॉकलेटी दिसायला लागतं, ओठ आणि नखं निळसर पडतात, श्वास घेऊनही जीव घाबरा होतो. पेशीचं आवरण फाटतं, हिमोग्लोबिन बाहेर सांडतं आणि मूत्रपिंडं निकामी होतात. क्लोरीन डायऑक्साइडच्या विषबाधेने मूत्रपिंडं बंद पडल्याची नोंद भारतीय डॉक्टरांनीही २०१३ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात केली आहे.

लाल पेशीला या हल्ल्यापासून वाचवणारं एक विकर आहे, जी-सिक्स-पीडी. पेशीचं आवरण सावरायला लागणारं भांडवल या एका वाटेने येतं, दुसरी वाट तिला नाही. काही माणसांत हे विकर जन्मतःच कमी असतं, मुलांमध्ये मुलींपेक्षा जास्त वेळा, कारण त्याचा जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. एरवी अशा माणसाला काहीच त्रास नसतो, आपल्यात काही कमी आहे हे त्याला ठाऊकही नसतं. आणि हा आपला प्रदेश तर सिकलसेल या लाल पेशींच्या आनुवंशिक आजाराचा. आर. एन. शुक्ला आणि बी. आर. सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये केली ती १९५८ मध्येच, नीरीच्याच जन्मवर्षी. सिकलसेलच्या रुग्णाची लाल पेशी एकशे वीस दिवस जगत नाही, दहा ते वीस दिवसांतच तुटते. ज्या विदर्भात इतक्या घरांत लाल पेशी आधीच नाजूक आहेत, तिथे हे द्रावण विकणं म्हणजे काय, ते सांगायला नको.

खरं औषध आणि हे द्रावण यांतला फरक इथेच उघडा पडतो. वायवॅक्स मलेरियावरचं प्रायमाक्विनही लाल पेशीवर ताण आणतं. ते डॉक्टरांना ठाऊक आहे. म्हणून ते वजनावर मोजून, चौदा दिवस देतात. तान्ह्या बाळाला, गरोदर बाईला आणि जी-सिक्स-पीडी कमी असलेल्याला देत नाहीत. लघवी गडद झाली तर थांबवायला सांगतात. कोणाला द्यायचं नाही, हे ज्याला सांगता येतं, तेच औषध. सगळ्यांना सगळ्यावर चालतं, असा दावा करणाऱ्याने तपासलंच नाही, असं समजावं.

विकणाऱ्यांचा आणखी एक मुद्दा असतो, की हा रेणू फक्त वाईट जंतू ओळखून मारतो. तो मुख्यतः टायरोसिन, ट्रिप्टोफॅन आणि सिस्टीन या अमिनो आम्लांवर धावतो, हे खरं आहे. पण ही तिन्ही जंतूच्या प्रथिनांत आहेत तशीच आपल्या घशाच्या, जठराच्या, रक्ताच्या प्रथिनांत आहेत. एकोणीस इलेक्ट्रॉनांच्या रेणूला रोगी आणि निरोगी कळत नाही. त्याला फक्त विसावा इलेक्ट्रॉन हवा असतो.

अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने २०१० मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये लोकांना हे पिऊ नका म्हणून बजावलं. २०१५ मध्ये डॅनियल स्मिथ या विक्रेत्याला ५१ महिन्यांची कैद झाली. २०२० मध्ये कोविडच्या भीतीत विक्री उसळली. बोलिव्हियाच्या संसदेने तर परवानगीचा कायदाही केला, त्यांच्याच आरोग्य मंत्रालयाचा विरोध आणि विषबाधेचे रुग्ण समोर असताना. त्या ‘चर्च’चा मार्क ग्रेनन आणि त्याचे तीन मुलगे २०२३ मध्ये फ्लोरिडात दोषी ठरले, दोन मुलांना बारा वर्षांहून अधिक, वडिलांना आणि तिसऱ्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. आपल्याकडे कर्करोग, मधुमेह यांसारखे आजार हमखास बरे करतो अशी जाहिरात करणं १९५४ च्या औषधे आणि जादुई उपचार कायद्याने गुन्हा आहे.

ज्यांनी हे द्रावण घेतलं, त्यांच्यावर रागावण्यात अर्थ नाही. महिनोन्‌महिने उपचार चालू असताना, पैसा आणि धीर संपत आलेला असताना, कुणी स्वस्त बाटली हातात देऊन पाण्याचं खरं उदाहरण सांगतो, तेव्हा शहाणी माणसंही विश्वास ठेवतात. फसवणूक यशस्वी होते, कारण तिच्यातलं अर्धं वाक्य खरं असतं. उरलेलं अर्धं वाक्य त्यांना सांगणं हे आपलं काम आहे.

तेव्हा घरात कुणी अशी बाटली आणली असेल, तर भांडू नका, तिच्यावर सोडियम क्लोराइट किंवा क्लोरीन डायऑक्साइड लिहिलंय का ते बघा आणि ती मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. कुणी प्यायलं असेल, तर उलटी करवायच्या भानगडीत पडू नका. बाटली सोबत घेऊन थेट नागपूरचं मेडिकल, मेयो किंवा जवळचं सरकारी रुग्णालय गाठा, आणि काय व किती प्यायलं ते न लाजता सांगा. ओठ निळसर दिसत असतील किंवा लघवी गडद झाली असेल, तर एक मिनिटही थांबू नका. तापाला आशाताईंकडून रक्त तपासून घ्या, मलेरियाचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. सिकलसेलची तपासणी झाली नसेल, तर ती करून घ्या. आणि क्लोरीन जिथे खरोखर जीव वाचवतं, त्या विहिरीची आणि टाकीची काळजी घ्या: आपल्या गावात शेवटची ओटी टेस्ट कधी झाली, हे या आठवड्यात ग्रामपंचायतीत जाऊन विचारा.